एकोणतीस अंकी मनुष्यराशी : एका संख्येचा इतिहास

जैन वाङ्मयात मोठ्या संख्यांना तोटा नाही. पल्योपम, सागरोपम, रज्जू हे शब्द प्रवचनात वारंवार कानी पडतात आणि श्रोता मनातल्या मनात ‘फार मोठे’ एवढाच अर्थ घेऊन पुढे जातो. अर्धमागधी आगमांतील शीर्षप्रहेलिका हे कालमान तर चौऱ्याऐंशी लाख हा आकडा अठ्ठावीस वेळा मांडून परस्परांशी गुणला असता जे फळ येईल तेवढे आहे. ते १९४ अंकी असून त्यातील अखेरचे १४० अंक शून्ये आहेत. अशा संख्यांपुढे सामान्य माणसाने हात जोडावेत, याखेरीज दुसरे काय करावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेखात मात्र त्याहून पुष्कळ लहान, अवघ्या एकोणतीस अंकांच्या एका राशीचा परिचय करून देण्याचा मानस आहे. ट्रस्टच्या जमाखर्चाशी माझा अनेक वर्षांचा संबंध असल्याने स्मरणिकेसाठी हिशेबाचा एखादा विषय घ्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले. मी गणितज्ञ नव्हे. कापडाच्या दुकानात वार आणि मीटर मोजण्यात आयुष्य गेलेला वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु ही राशी अशी आहे की तिचा ताळा दुकानदारालाही पाहता येतो, आणि तो पाहावा अशीच आपल्या आचार्यांनी तिची मांडणी केलेली आहे. ती राशी अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

ही पर्याप्त मनुष्यांची, म्हणजे गर्भज व पूर्ण विकसित मनुष्यजीवांची संख्या होय. श्वेतांबर परंपरेच्या अनुयोगद्वार सूत्रात ती येते आणि दिगंबर परंपरेच्या गोम्मटसार जीवकांडातही येते. दोन्ही आम्नायांनी जपलेली ही राशी आहे, हे प्रथमच नमूद केलेले बरे.

अनुयोगद्वार सूत्रात ही राशी आकड्यांत लिहिलेली नाही, तर निरनिराळ्या वाटांनी सांगितली आहे. ती एकोणतीस स्थाने व्यापते, ही एक वाट. ती तीन यमलपदांच्या वर आणि चार यमलपदांच्या खाली आहे, ही दुसरी. यमलपद म्हणजे आठ अंकस्थाने, असा अर्थ टीकाकार देतात. तेव्हा चोवीस स्थानांहून अधिक आणि बत्तिसांहून कमी, असा त्याचा आशय झाला. सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणावे, ही तिसरी. आणि जी शहाण्णव वेळा निम्मी करता येते ती राशी, ही चौथी. एकच गोष्ट चार साक्षीदारांकडून वदवून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. एखाद्या लेखनिकाच्या हातून एक साक्ष बिघडली तरी उरलेल्या तिघी तिला सावरून घेतात.

यातील वर्गांची वाट आधी पाहू. दोनाचा वर्ग ४, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग १६, हा दुसरा. तिसरा २५६, चौथा ६५,५३६, पाचवा ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरण्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या सर्व दाण्यांची बेरीज या सहाव्या वर्गाहून फक्त एकाने कमी असते. राजाचे कोठार जिथे रिते झाले, तिथून आपली राशी आणखी चारशे एकोणतीस कोटींहून अधिक पटींनी पुढे जाते.

आता श्रम किती पडतात ते पाहा. दोनाला दोनाने पुन:पुन्हा गुणत गेलो तर या राशीपर्यंत पोहोचण्यास पंचाण्णव गुणाकार करावे लागतील. वर्गांच्या वाटेने सहा वर्ग आणि अखेरचा एक गुणाकार, एकूण सात! त्यातले पहिले चार तर तोंडी होण्याजोगे आहेत. आजचे संगणक मोठमोठे घात काढताना हीच वर्ग करीत जाण्याची युक्ती वापरतात. ज्यांनी ही व्याख्या केली त्यांनी आकडेमोड करणाऱ्याच्या बोटांची काळजी वाहिली होती, असे मला वाटते.

शहाण्णव वेळा निम्मी करण्याच्या क्रियेला आपल्या ग्रंथांत छेदनक किंवा अर्धच्छेद म्हणतात. कापडाच्या ताग्याची घडी घालावी तशी ही कल्पना आहे. ताग्याची एक घडी घातली की तो निम्मा, दुसरी घातली की पाव. बत्तीस वार कापड पाच घड्यांत एक वारावर येते, म्हणून बत्तीसचे अर्धच्छेद पाच. आपली राशी शहाण्णव घड्यांनी बरोबर एकावर येते, एक धागाही इकडे-तिकडे होत नाही. पाचव्या वर्गाचे अर्धच्छेद बत्तीस, सहाव्याचे चौसष्ट, आणि त्यांच्या गुणाकाराचे या दोहोंच्या बेरजेइतके, म्हणजे शहाण्णव. गुणाकार करावयाचा तिथे अर्धच्छेदांची केवळ बेरीज करावी, हा नियम आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेत स्पष्ट आढळतो. युरोपात नेपियरने लॉगॅरिथमची कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. धवला त्याआधी सुमारे आठशे वर्षांची. तरीही ‘लॉगॅरिथम आमचेच’ असे व्यासपीठावरून सांगण्याचा मोह आवरावा, कारण नेपियरची कोष्टके कोणत्याही संख्येला लागू होती आणि अर्धच्छेदाचे सौंदर्य मुख्यत: दोनाच्या घातांत आहे. तत्त्व मात्र तेच.

एकोणतीस स्थाने खरोखरच भरतात का, हे पाहण्याची एक गंमत व्यापारी वाचकांना आवडेल. दोन दहा वेळा मांडून गुणले की १,०२४ येतात, म्हणजे हजार आणि वर चोवीस. शहाण्णवात असे दहा-दहाचे नऊ गट आणि वर सहा. सहाचे झाले ६४. आता चोवीसची वाढ तूर्त सोडली, तर ६४ वर नऊ हजार, म्हणजे सत्तावीस शून्ये. एकूण एकोणतीस स्थाने मिळाली. सोडलेली वाढ म्हणजे हजारी चोवीस, दर शेकडा २.४, नऊ वेळा चक्रवाढ. मुद्दल ६४, दर २.४ टक्के, मुदत नऊ वर्षे. चक्रवाढ व्याजाने रास होते ७९.२२८१६२५१४... आणि वर दिलेल्या राशीचे आरंभीचे अंक हेच आहेत. मी प्रथम हे गणकयंत्रावर करून पाहिले तेव्हा कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसलो होतो.

जुन्या पेढीवर बेरजेचा ताळा नऊ टाकून पाहण्याची रीत होती. आपल्या राशीच्या एकोणतीस अंकांची बेरीज १२७ येते. त्याचे दहा, दहाचा एक. दुसऱ्या बाजूने, दोनाचा सहावा घात ६४, त्याचे अंक मिळून दहा, त्याचा एक; आणि शहाण्णव म्हणजे सहाच्या सोळा पटी असल्याने सोळा वेळा एकाला एकाने गुणले तरी एकच. ताळा जमला. अर्थात शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले तर नऊचा ताळा फसतो, हे कीर्द लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यासाठी अकराचा ताळा घ्यावा. उजवीकडून एक आड एक अंक घेता एका बाजूची बेरीज ७९ व दुसरीची ४८, वजाबाकी ३१, अकरा टाकता उरले ९. दोनाच्या घातांकडून गेलो तरी नऊच उरतात.

या राशीचे आणखी काही गुणधर्म थोडक्यात सांगतो. दोनाखेरीज दुसरा कोणताही मूळ अवयव तिच्यात नाही, म्हणून एक व स्वत: ती धरून तिचे विभाजक नेमके सत्त्याण्णव. स्वत:ला वगळून उरलेल्या शहाण्णव विभाजकांची बेरीज राशीहून फक्त एकाने उणी येते. ती पूर्ण वर्ग आहे (मूळ २८,१४,७४,९७,६७,१०,६५६) आणि पूर्ण घनही आहे. घनमूळ म्हणजे दुसरे काही नसून आपला पाचवा वर्गच. गोम्मटसारात तिला पाचव्या वर्गाचा घन असेच म्हटले आहे. पाच हा अवयव नसल्यामुळे तिच्या अखेरीस शून्य येऊच शकत नाही. शीर्षप्रहेलिकेच्या १४० शून्यांपुढे या राशीत सगळे मिळून एकच शून्य आहे, तेही शेवटून चौथ्या स्थानी. गोम्मटसारात पर्याप्त मनुष्यांपैकी तीन चतुर्थांश मानुषी सांगितल्या आहेत. राशीला चाराने नि:शेष भाग जात असल्याने हा हिशेबही अपूर्णांकावाचून सुटतो.

सिद्धांतचक्रवर्ती नेमिचंद्र हे दहाव्या शतकातील आचार्य, श्रवणबेळगोळची बाहुबली मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायांचे समकालीन. त्यांनी जीवकांडात ही सबंध राशी एका प्राकृत गाथेत अक्षरांच्या साहाय्याने गुंफली आहे. रीत कटपयादीची : क पासून झ पर्यंत एक ते नऊ, ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ, प पासून म पर्यंत एक ते पाच, य पासून ह पर्यंत एक ते आठ, आणि ञ व न म्हणजे शून्य. अंक उजवीकडून डावीकडे, एकं स्थानापासून वाचावयाचे. गाथेतील पहिले अक्षर त, म्हणजे सहा. आपल्या राशीचा शेवटचा अंक सहा. एकोणतिसावे अक्षर स, म्हणजे सात. राशीचा पहिला अंक सात. मधली सत्तावीस अक्षरे मी एकेक करून लावून पाहिली, सर्व बरोबर जुळतात. ताडपत्रावर आकडा पुसट झाला तर संपला. गाथा मात्र तोंडपाठ राहते, आणि एक अक्षर चुकले तर वृत्त अडखळते. पाठांतराचा असा उपयोग आपण आता विसरत चाललो आहोत.

अक्षरांचा वा स्थानांचा आधार घेण्याचे आणखी एक कारण असावे. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचला. त्यात एकं, दहं पासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे आहेत. आपली राशी एकोणतीस स्थानांची. त्या सर्व नावांनीही ती पुरती उच्चारता येत नाही! म्हणून कोटी, कोटाकोटी, कोटाकोटाकोटी अशी पायरी-पायरीने चढण्याची पद्धत ग्रंथकारांनी वापरली.

याच कोटींच्या पायऱ्यांवर या राशीच्या इतिहासातील खरा वाद उभा राहिला. आचार्य पुष्पदंत व भूतबली यांच्या षट्खंडागमात पर्याप्त मनुष्यांचे प्रमाण कोटाकोटाकोटीच्या वर आणि कोटाकोटाकोटाकोटीच्या खाली, असे दिले आहे. कोटी चार वेळा गुणली तर एकावर अठ्ठावीस शून्ये येतात. ही संख्यासुद्धा एकोणतीस अंकी आहे. वरवर पाहणारा म्हणेल, दोन्ही एकोणतीस अंकी, मग विरोध कुठे आहे? परंतु एकाचा आरंभ १ ने आणि दुसरीचा ७ ने होतो. आपली राशी सूत्राने घालून दिलेल्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे. एका बाजूला सूत्र आणि दुसऱ्या बाजूला परंपरेने चालत आलेली प्रसिद्ध संख्या, असा हा पेच होता.

इसवी सन ८१६ मध्ये धवला पूर्ण करणाऱ्या वीरसेनाचार्यांनी हा पेच टाळला नाही. दोन्ही वचने वंदनीय आहेत, असे म्हणून ते पुढे गेले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी मनुष्यक्षेत्राच्या क्षेत्रफळाचा हिशेब मांडला आणि सूत्रातील मर्यादेहून अधिक मनुष्य त्या क्षेत्रात मावणार नाहीत, म्हणून ही मोठी संख्या ग्राह्य नाही, असे प्रतिपादन केले.

शास्त्रात दिलेली मापे घेऊन हा हिशेब मी आपल्या पद्धतीने करून पाहिला. मनुष्यक्षेत्राचा व्यास पंचेचाळीस लक्ष योजने. दहाच्या वर्गमुळाने गुणून परिघ १,४२,३०,२४९ योजने येतो. परिघाला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणले की क्षेत्रफळ मिळते, १६,००,९०,३०,१२,५००० असे न लिहिता नेहमीच्या पद्धतीने लिहायचे तर १,६०,०९,०३,०१,२५,००० वर्ग योजने. एक योजन म्हणजे ७,६८,००० अंगुले. द्वीपसमुद्रांच्या मापनात प्रमाणांगुल घेतात आणि ते शरीर मोजण्याच्या उत्सेधांगुलाच्या पाचशेपट असते. ही सर्व रूपांतरे केली तर सूत्रातील कमाल संख्येच्या प्रत्येक मनुष्याच्या वाट्याला सुमारे २३६ वर्ग अंगुले जागा येते, म्हणजे पंधरा अंगुलांचा एक चौकोन. दाटीवाटीने का होईना, पाय टेकता येतील. एकोणतीस अंकी प्रसिद्ध राशी घेतली तर वाट्याला जेमतेम तीस वर्ग अंगुले, म्हणजे साडेपाच अंगुलांचा चौकोन. त्यात माणूस उभा राहू शकत नाही. शिवाय या क्षेत्राचा सुमारे एक तृतीयांश भाग लवण व कालोद या दोन समुद्रांनी व्यापलेला आहे, तो निराळाच. आणि पाचशे धनुष्यांच्या अवगाहनेचा विचार तर मी केलेलाही नाही.

हा निर्णय पुढे सर्वांनी मान्य केला काय? नाही. धवलेचाच सार घेऊन ज्यांनी गोम्मटसार रचला, त्या नेमिचंद्रांनी दीडशेहून अधिक वर्षांनंतर तीच मोठी राशी गाथेत गुंफली, हे वर आलेच आहे. एका परंपरेत दोन मते नांदली, आणि पुढच्या लेखनिकांनी दोन्ही जशीच्या तशी उतरवून ठेवली. जे मत आपल्याला पटत नाही तेही नक्कल करताना गाळावयाचे नाही, ही शिस्त मला या सर्व इतिहासात फार मोलाची वाटते. एखाद्याने ‘दुरुस्ती’ केली असती तर वीरसेनांनी शंका घेतली होती हेच आज आपल्याला कळले नसते.

कळण्याला तरी किती विलंब झाला! धवलेच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके राहिल्या. दर्शन घडे, वाचन घडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी नकला करून घेण्यासाठी खटपट केली. दोघेही व्यापारी, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुढे आपल्या महाराष्ट्रातल्याच अमरावतीहून, तेथील महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये षट्खंडागमाचा पहिला भाग छापला गेला. एकूण सोळा भाग झाले. द्रव्यप्रमाणाचा, म्हणजे जीवांच्या संख्येचा विचार तिसऱ्या भागात आहे. चौथ्या भागात लखनौ विद्यापीठातील गणिताचे अध्यापक डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील लेख आहे, आणि या राशीविषयीचा वीरसेनांचा युक्तिवाद आधुनिक अभ्यासकांपुढे आला तो प्रामुख्याने त्याच लेखामुळे. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानेही तिलोयपण्णत्ती व हिंदी अनुवादासह गणितसारसंग्रह प्रकाशित करून या अभ्यासाला मोठा हातभार लावला. सोलापूरच्या बाजारपेठेत चादरी आणि टॉवेल खरेदीसाठी जाणारे आपल्यापैकी कितीतरी जण आहेत. त्यांनी कधी हे ग्रंथही पाहून यावेत.

आजच्या जगाशी तुलना करण्याचा मोह होतोच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये पृथ्वीवरील लोकसंख्या आठशे कोटी झाली. पाचव्या वर्गाच्या दुपटीला ती अजून पोहोचलेली नाही, म्हणजे अर्धच्छेदांच्या भाषेत तेहेतीसही पूर्ण नाहीत. शास्त्रातील मनुष्यक्षेत्र अडीच द्वीपांचे असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे, परंतु तेहेतीस आणि शहाण्णव यांतील अंतर किती आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

आपल्या तरुण पिढीतील अनेक मुले संगणक क्षेत्रात आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या डॉटनेट या प्रणालीत पैशांच्या हिशेबासाठी ‘डेसिमल’ नावाचा संख्याप्रकार दिलेला आहे. त्यात संख्येसाठी शहाण्णव द्विमान स्थाने राखलेली असतात. धन-ऋण चिन्ह व दशांश चिन्हाची जागा यांची नोंद निराळी होते. आगमात ही संगणकविद्या सांगितली होती, असा याचा अर्थ कोणी काढू नये. दोनाने मोजणारा कोणीही शहाण्णव पायऱ्या चढला की याच राशीपाशी येतो, मग तो मुनी असो की यंत्र. त्या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३५ ही आहे. आपल्या राशीहून ती एकाने कमी भरते, कारण यंत्राला एक जागा शून्यासाठी ठेवावी लागते.